संपूर्ण गव्हाचे मऊ प्रेट्झेल घरी करताना

गव्हाच्या पिठातल्या कोंड्याला पाणी प्यायला वेळ लागतो. संपूर्ण गव्हाचे प्रेट्झेल (पीळ घातलेला, क्षाराच्या पाण्यात बुडवून भाजलेला तांबूस सालीचा जर्मन पाव) घरी करताना जे काही बिघडतं, ते बहुतेक वेळा या एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतं. वळी तुटते, प्रेट्झेल दडस होतं, पीळ उकलतो आणि आपण यीस्टला किंवा ओव्हनला दोष देतो. खरं तर पीठ तयार होण्याआधीच आपण त्याला हात घातलेला असतो.

माझी पहिली खेप अशीच वाया गेली. मैद्याची एक कृती समोर ठेवली, मैदा काढून तेवढंच गव्हाचं पीठ घेतलं. पाणी तेवढंच, मळणंही तेवढंच. कणीक घट्ट झाली. वळी हातभर लांब करायला घेतली तर ती वीतभर लांबून परत आखडायची, आणि जरा जोर लावला की मधोमध तुटायची. तुटलेलं टोक उजेडात धरून पाहिलं. कोंड्याचे तपकिरी कण बाहेर डोकावत होते, आणि नखाने एक कण काढला तर तो चक्क कोरडा निघाला. तासभर मळलेल्या आणि फुगलेल्या कणकेत कोंडा आतून कोरडाच राहिला होता. त्या दिवसापासून मी या पदार्थाकडे विश्रांतीच्या हिशेबाने पाहते. यात कणीक चार वेळा विसावते, आणि त्यातली एकही वेळ कापून चालत नाही.

पीठ कसं असावं

गव्हाच्या दाण्यात ढोबळमानाने ८३ टक्के पिठूळ गाभा, १४ टक्के कोंडा आणि अडीच-तीन टक्के अंकुर असतो. मैद्यात फक्त गाभा उरतो. संपूर्ण पिठात तिन्ही असतात, म्हणूनच त्यात १०० ग्रॅममागे १० ग्रॅमच्या वर तंतू मिळतात. मैद्यात ते तीनच्या आसपास असतात. चवही कोंडा आणि अंकुर या दोन भागांतूनच येते. पण अडचणही तिथूनच येते. कोंड्याच्या धारदार कडा ग्लुटेनची (कणकेला ताण देणाऱ्या प्रथिनाची) जाळी कापतात, आणि कोंडा सावकाश पण भरपूर पाणी ओढतो. मळताना सैल वाटलेली कणीक अर्ध्या तासाने घट्ट होते ती यामुळेच.

त्यामुळे पीठ जितकं बारीक दळलेलं, तितकं सोपं. भरड पिठाचे प्रेट्झेल होतात, पण वळी फार लांब ओढता येत नाही. पीठ ताजं हवं. अंकुरात तेल असतं आणि ते कालांतराने खवट होतं. पिशवी उघडून आधी वास घ्या, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून पाहा. कडवट लागलं तर त्याचं काहीही करू नका, कारण भाजल्यावर तो कडवटपणा आणखी पुढे येतो. संपूर्ण पीठ मी नेहमी घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवते.

पीठ चाळू मात्र नका. चाळून कोंडा टाकला तर एवढा खटाटोप कशासाठी करायचा?

तुमच्या गव्हात जोर कमी असेल, म्हणजे कणीक मळूनही तार धरत नसेल, तर ५०० ग्रॅम पिठाला १५ ग्रॅम सुकं ग्लुटेन मिसळता येतं. मी ते सहसा घालत नाही, पण पहिल्यांदा करणाऱ्याला त्याचा आधार होतो. ओट्स, ज्वारी, नाचणी अशी ग्लुटेन नसलेली पिठंही यात खपतात, मात्र एकूण पिठाच्या १० टक्क्यांपर्यंतच. त्यापुढे गेलात की पीळ टिकत नाही. राईचं (मोहरी नव्हे, गव्हासारखं राय हे धान्य) पीठ १५ टक्क्यांपर्यंत चालतं आणि त्याचा आंबूस, मातकट स्वाद प्रेट्झेलला फार शोभतो.

काय काय लागेल

दहा मध्यम प्रेट्झेलसाठी:

संपूर्ण गव्हाचं बारीक पीठ ५०० ग्रॅम
पाणी ३३० ग्रॅम, शिवाय २०-३० ग्रॅम हाताशी
इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम (साधारण दीड चहाचा चमचा)
बारीक मीठ ९ ग्रॅम (सपाट दीड चहाचा चमचा)
मऊ केलेलं बिनमिठाचं लोणी ३० ग्रॅम
मध २० ग्रॅम (एक मोठा चमचा), किंवा तेवढंच बार्लीचं माल्ट
वरून लावायला जाडं मीठ, हवे तर तीळ किंवा सूर्यफुलाच्या बिया
खाण्याचा सोडा १०० ग्रॅम, त्याचं काय करायचं ते पुढे येईल

पाणीसुद्धा मी ग्रॅममध्येच मोजते आणि वजनकाटा वापरण्याचा आग्रह धरते. वाटीने घेतलेलं पीठ कधी चेपलेलं, कधी मोकळं असतं, आणि १०० ग्रॅमला २० ग्रॅमचा फरक सहज पडतो. प्रेट्झेलची कणीक पावाच्या कणकेपेक्षा घट्ट असते. सैल कणकेचं प्रेट्झेल सोड्याच्या पाण्यात पसरतं आणि ट्रेवर चपटं बसतं. मैद्याला ५५ टक्के पाणी पुरतं, संपूर्ण पिठाला त्याच घट्टपणासाठी ६५-६६ टक्के लागतं. आकडा मोठा दिसतो म्हणून घाबरू नका, जास्तीचं पाणी कोंडा पिऊन टाकतो.

पहिली विश्रांती: नुसतं पीठ आणि पाणी

मोठ्या परातीत पीठ आणि ३०० ग्रॅम साधं पाणी एकत्र करा. यीस्ट, मीठ, लोणी काहीही घालू नका. कोरडं पीठ कुठे उरणार नाही एवढंच हाताने कालवा, मळू नका. वर झाकण ठेवा आणि ४५ मिनिटं विसरून जा. पीठ भरड असेल तर तास-सव्वा तास द्या.

पावाच्या दुनियेत या पायरीला ऑटोलीज म्हणतात. रेमों काल्व्हेल या फ्रेंच पाव-तज्ज्ञाने १९७० च्या दशकात ती मांडली, आणि ती मुख्यतः मैद्याच्या पावासाठी होती. माझ्या मते तिची खरी गरज संपूर्ण पिठाला आहे. या पाऊण तासात कोंडा मऊ पडतो, त्याच्या कडा बोथट होतात आणि ग्लुटेनचे धागे आपोआप जुळायला लागतात. सुरुवातीला ओल्या वाळूसारखा वाटणारा गोळा झाकण काढल्यावर एकसंध झालेला दिसतो. कडेला बोटाने धरून ओढला तर दोन-तीन इंच लांबतो. तेवढा लांबला की पुढे जायला हरकत नाही.

मळणं

उरलेल्या ३० ग्रॅम कोमट पाण्यात यीस्ट आणि मध विरघळवा आणि ते गोळ्यावर ओता. मीठ भुरभुरा. आता बोटांनी चिमटे काढत पाणी आत मुरवा. पहिली दोन मिनिटं सगळं निसरडं होतं, पीठ आणि पाणी वेगळं झाल्यासारखं वाटतं. या क्षणी कोरडं पीठ घालायचा मोह होतो. घालू नका, ते जुळून येतं.

पाच मिनिटं मळल्यावर लोणी थोडं थोडं करून घाला आणि आणखी पाच-सहा मिनिटं तळहाताच्या टाचेने ढकलत मळा. कणीक मऊ लागली पाहिजे, पण हाताला चिकटून निघता कामा नये. ढकलल्यावर चिरा पडत असतील तर हात पाण्यात बुडवून मळा. असं दोन-तीन वेळा केलं की हाताशी ठेवलेलं जास्तीचं पाणी नेमकं लागेल तेवढंच आत जातं.

लहान गोळी घेऊन दोन्ही हातांच्या बोटांवर ताणून पाहा. मैद्याचा पडदा काचेसारखा पातळ होतो, गव्हाचा तेवढा होणार नाही. उजेडासमोर धरलं की कोंड्याच्या ठिपक्यांनी भरलेला, जरासा जाड पडदा दिसला आणि तो फाटण्याआधी दोन बोटांइतका पसरला, तर मळणं पुरं झालं. जास्त मळून संपूर्ण पिठाचं भलं होत नाही; कोंडा जाळी कापतच राहतो.

दुसरी विश्रांती: फुगणं

तेलाचा हात लावलेल्या भांड्यात गोळा झाकून ठेवा. २६-२८ अंश सेल्सिअसच्या खोलीत तासभर लागतो. खोली गरम असेल तर ४० मिनिटांतही होतं, म्हणून घड्याळापेक्षा कणकेकडे बघा. ती दुप्पट व्हायची वाट पाहू नका. दीडपट झाली आणि ओल्या बोटाने टोचल्यावर खळगा सावकाश, अर्धवट भरून आला की थांबा. संपूर्ण पिठाची जाळी नाजूक असते. दुप्पट होईपर्यंत थांबलात तर सोड्याच्या पाण्यात ती खाली बसते.

वेळ असेल तर माझी पसंती वेगळी आहे. कणीक मळून अर्धा तास बाहेर ठेवते, मग घट्ट झाकून रात्रभर, १२ ते १६ तास, फ्रिजमध्ये. कोंड्याचा तुरटपणा सौम्य होतो, चव गोडसर आणि खोल होते. लांब आंबवण्याचा आणखी एक फायदा आहे. कोंड्यातलं फायटिक आम्ल लोह, जस्त यांसारखी खनिजं धरून ठेवतं, आणि आंबवताना त्याचा काही भाग तुटतो. शिवाय थंड कणीक वळायला सोपी जाते. एकदा असं करून पाहिलं की झटपट पद्धतीकडे परत जावंसं वाटत नाही.

सोडा भाजून घेणं

कणीक फुगते आहे तोवर हे काम उरकून घ्या. खरं तर प्रेट्झेलला प्रेट्झेल बनवणारी गोष्ट हीच आहे. पीळ न घालता सरळ दांडी केली तरी ती प्रेट्झेलसारखीच लागते. क्षारयुक्त पाण्यातून न काढता सुंदर पीळ घातलात तर मात्र तो नुसता पाव राहतो.

प्रेट्झेलचं घर म्हणजे दक्षिण जर्मनी. तिथले बेकर त्याला सोडियम हायड्रॉक्साइडच्या (कॉस्टिक सोड्याच्या) तीन-चार टक्के द्रावणात बुडवतात. १८३९ मध्ये म्युनिकच्या एका कॉफीघरात साखरपाण्याऐवजी चुकून सफाईचं तीव्र क्षाराचं पाणी प्रेट्झेलला लागलं आणि तो चमकदार तांबूस रंग सापडला, अशी आख्यायिका तिकडे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, त्यामागचं रसायन पक्कं आहे. पिठातली शर्करा आणि अमिनो आम्लं उष्णतेने एकत्र येऊन रंग आणि खरपूस वास तयार करतात. लुई कॅमिल मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही प्रक्रिया वर्णन केली, म्हणून ती मायार प्रक्रिया. क्षारात ती कितीतरी वेगाने होते. प्रेट्झेलच्या सालीचा तो खास, किंचित बोचरा वास तिथून येतो. क्षारातून न काढलेल्या पावाला तो नसतो.

सोडियम हायड्रॉक्साइड मात्र कातडी आणि डोळे भाजणारं रसायन आहे. ते वापरायचं तर खाद्य दर्जाचं हवं, हातमोजे आणि चष्मा हवा, आणि नेहमी पाण्यात रसायन टाकायचं, रसायनावर पाणी कधीच नाही. लहान मुलं वावरत असलेल्या स्वयंपाकघरात मी ते आणणार नाही, आणि कुणाला आणायलाही सांगणार नाही.

दुसऱ्या टोकाला नुसता खाण्याचा सोडा. तो निरुपद्रवी खरा, पण फारच सौम्य. त्याच्या द्रावणाचा पीएच (क्षारता मोजायच्या पट्टीवरचा अंक) आठच्या थोडा वर असतो, सोडियम हायड्रॉक्साइडचा १३-१४. ही पट्टी एका अंकाला दहापट अशी वाढते, त्यामुळे दोघांतलं अंतर प्रचंड आहे. साध्या सोड्याचं प्रेट्झेल फिकट, पावासारखं दिसतं ते म्हणूनच.

मधला मार्ग सोपा आहे. खाण्याचा सोडा भाजला की त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सोडियम कार्बोनेट उरतं. त्याचा पीएच साडेअकराच्या आसपास जातो. अमेरिकी अन्नविज्ञान लेखक हॅरॉल्ड मॅगी यांनी २०१० मध्ये ही युक्ती लोकांपर्यंत पोचवली, आणि घरच्या प्रेट्झेलवर याहून मोठा उपकार कुणी केलेला मला माहीत नाही.

१०० ग्रॅम सोडा स्टीलच्या ताटलीत पातळ पसरा आणि १४० अंशांवर तासभर ठेवा. ताटली आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवून पाहा. रूपांतर पूर्ण झालं असेल तर १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम उरतात. दिसायला काहीच बदललेलं नसतं, तेच पांढरं भुकटं, पण एक तृतीयांशाहून जास्त वजन हवेत गेलेलं असतं. वजन ७० च्या वर असेल तर अजून २० मिनिटं भाजा.

हे भुकटं कोरड्या हातानेही चोळू नका, डोळ्यांपासून जपा. उरलेलं घट्ट बरणीत भरा आणि बरणीवर ठळक अक्षरात नाव लिहा. ते मिठासारखंच दिसतं, आणि चुकून पदार्थात पडलं तर तोंड भाजेल.

वळणं, आणि तिसरी विश्रांती

कणकेचे ८८-९० ग्रॅमचे दहा भाग करा. प्रत्येक भाग हाताने चपटा करून घट्ट गुंडाळा आणि बोटभर लांबीची जाड गुंडाळी करा, सांधा चिमटून बंद करा. सगळ्यांवर ओलसर फडकं टाका आणि १० मिनिटं थांबा.

ओट्यावर पीठ पसरू नका. पिठावर वळी घसरते, लांबत नाही. उलट ओटा ओल्या फडक्याने पुसून घ्या, इतकाच ओलावा हवा. दोन्ही तळहात मधोमध ठेवून मागेपुढे करत बाहेरच्या बाजूला सरका. पहिल्या फेरीत फक्त २५ सेंटीमीटरपर्यंत जा आणि वळी बाजूला ठेवा. मग दुसरी घ्या, मग तिसरी. दहावी होईपर्यंत पहिलीला आपोआप आठ-दहा मिनिटं मिळालेली असतात. आता तिच्याकडे परत या. मघाशी आखडत होती तीच वळी हाताखाली मुकाट लांबत जाते, ५० ते ५५ सेंटीमीटर, न तुटता. बळाने न होणारं काम दहा मिनिटांत होतं, आणि दर वेळी ते पाहून मला तेवढाच आनंद होतो.

मध्यभाग अंगठ्याएवढा जाड ठेवा, टोकं पेन्सिलीसारखी निमुळती करा. जाड भाग मऊ राहतो, बारीक भाग कुरकुरीत होतो, आणि एकाच घासात दोन्ही मिळावेत ही प्रेट्झेलची खरी मजा आहे.

आता आकार. वळीचा इंग्रजी यू अक्षरासारखा आकार करा, गोलाई तुमच्याकडे आणि टोकं पलीकडे. टोकांपासून चार बोटं अलीकडे वळीचा एक हात (टोकाकडचा बारीक भाग) दुसऱ्यावरून न्या, मग पुन्हा एकदा, म्हणजे पूर्ण पीळ पडेल. पीळ धरून तुमच्याकडे दुमडा आणि टोकं खालच्या गोलाईवर, घड्याळातल्या पाच आणि सातच्या जागी, पाण्याचं बोट लावून घट्ट दाबा. दाबताना संकोच करू नका. हलकं चिकटवलेलं टोक गरम पाण्यात हमखास सुटतं.

श्वाबिया आणि बव्हेरिया हे दक्षिण जर्मनीतले दोन प्रदेश. श्वाबियाच्या पद्धतीत हात बारीक आणि खाली जोडलेले असतात, पोट (मधला भाग) जाड असतं आणि त्यावर चीर देतात. बव्हेरियातले बेकर हात जरा जाड ठेवतात, वरच्या बाजूला जोडतात आणि चीर न देता सालीला आपोआप फाटू देतात. संपूर्ण पिठाला मला श्वाबियाची रीत जास्त मानवते. चीर दिली की फुगायला वाट मिळते आणि साल भलत्याच ठिकाणी फाटत नाही.

चौथी विश्रांती: थंडीत

वळलेले प्रेट्झेल तेल लावलेल्या बटर पेपरवर मांडा, १५-२० मिनिटं बाहेर ठेवा, किंचित टपोरे दिसू लागले की ट्रे न झाकता फ्रिजमध्ये तासभर ठेवा. घाई असेल तर फ्रीझरमध्ये अर्धा तास. न झाकणं महत्त्वाचं आहे. वरचा थर सुकून कातडीसारखा होतो. त्यामुळे प्रेट्झेल उचलताना आकार मोडत नाही, पाण्यात ते पसरत नाही आणि भाजल्यावर साल चकाकते. ही पायरी गाळली तर मऊ, लोंबकळणारं प्रेट्झेल झाऱ्यावर लोळतं आणि मेहनतीने घातलेला पीळ गोळ्यासारखा होतो.

सोड्याचं पाणी

ओव्हन २२० अंशांवर लावा आणि निदान २० मिनिटं तापू द्या. पसरट स्टीलच्या पातेल्यात दीड लिटर पाणी गरम करा आणि ६० ग्रॅम भाजलेला सोडा सावकाश विरघळवा. पाणी खदखदायला नको, तळातून बारीक बुडबुडे यावेत इतपत पुरे.

ॲल्युमिनियमचं भांडं, फॉइल किंवा उघडा ॲल्युमिनियम ट्रे यातलं काहीही या पाण्याच्या जवळ आणू नका. क्षार त्या धातूला खातो. मी एकदा नकळत तसलं पातेलं वापरलं. दोन मिनिटांत आतली बाजू काळवंडली, पाणी करडं झालं आणि तळाशी बारीक फेस यायला लागला. पाणी आणि त्यात बुडवलेली दोन्ही प्रेट्झेल टाकून द्यावी लागली. ट्रे ॲल्युमिनियमचा असेल तर त्यावर सिलिकॉनची चटई किंवा जाड बटर पेपर पूर्ण अंथरा.

रबरी हातमोजे घाला. प्रेट्झेल झाऱ्यावर ठेवून पाण्यात सोडा, १० सेकंदांनी उलटा, आणखी १० सेकंद ठेवा, निथळून ट्रेवर परत. एका वेळी एक किंवा दोनच. २५ सेकंदांच्या पुढे जाऊ नका, साल चामड्यासारखी होते आणि चवीला साबणाची झाक येते. बाहेर काढल्यावर पृष्ठभाग पिवळसर, गुळगुळीत आणि चिकट दिसतो. वरचा स्टार्च शिजून पारदर्शक थर तयार झालेला असतो, आणि तोच पुढे चमक देतो.

भाजलेला सोडा नसेल तर दीड लिटर पाण्याला ९० ग्रॅम साधा सोडा घ्या, पाणी उकळतं ठेवा आणि ३० सेकंद द्या. सोडा एकदम टाकू नका, फसफसून पातेल्याबाहेर येतो. रंग कमी येईल, पण प्रेट्झेल खाण्यासारखं नक्की होईल.

साल ओली आहे तोवर मीठ आणि तीळ लावा, मग धारदार पात्याने जाड पोटावर आडवी, अर्धा सेंटीमीटर खोल चीर द्या. मीठ जाडंच हवं, बारीक मीठ विरघळून डाग पडतात. आणि हात आखडता ठेवा. कणकेतच प्रत्येकी जवळपास ०.९ ग्रॅम मीठ आहे, सोड्यातून थोडं सोडियम येतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. मी निम्म्या प्रेट्झेलना मीठ लावते, निम्म्यांना नुसते तीळ. तिळाची चव गव्हाला मिठापेक्षा जास्त खुलवते असं माझं मत झालं आहे.

भाजणं

मधल्या कप्प्यात १४ ते १६ मिनिटं. नवव्या मिनिटाला ट्रे फिरवा, कारण घरच्या ओव्हनची मागची बाजू बहुतेक वेळा जास्त तापते.

रंगावरून ठरवताना इथे फसायला होतं. गव्हाची कणीक मुळातच तपकिरी असते, त्यामुळे दहाव्या मिनिटालाच प्रेट्झेल भाजल्यासारखं दिसतं. आत ते कच्चं असतं. गडद तांबूस, पॉलिश केलेल्या लाकडासारखा रंग येईपर्यंत थांबा. चिरेच्या आतला भाग मॅट आणि कोरडा दिसला पाहिजे. अन्नाचा थर्मामीटर असेल तर पोटाच्या मधोमध ९४ अंश. मधामुळे टोकं लवकर काळी पडत असतील तर पुढच्या वेळी मध १० ग्रॅम करा.

काढल्यावर जाळीवर ठेवा आणि दहा-बारा मिनिटं धीर धरा. गरम असताना तोडलं तर आतला गर चिकट लागतो. वरून वितळलेलं लोणी लावायची पद्धत आहे, मी लावत नाही. साल मऊ पडते आणि ज्यासाठी एवढा सोडा भाजला तो वासच लोण्याखाली दबतो.

काही बिघडलं तर

फिकट राहिलं तर सोडा पुरता भाजला गेला नव्हता, किंवा ओव्हन तापायच्या आत ट्रे आत गेला. थंड झाल्यावर साल सुरकुतली तर प्रेट्झेल जास्त फुगलं होतं. पुढच्या खेपेला वळल्यानंतरची बाहेरची वेळ दहा मिनिटांवर आणा. तळ कागदाला चिकटला तर कागदाला तेल लावायचं राहिलं, किंवा झाऱ्यावर नीट निथळलं नाही. दडस झालं तर जवळजवळ नेहमी पाणी कमी पडलेलं असतं. २० ग्रॅम वाढवून पाहा, आणि पहिली विश्रांती एक तास करा. यीस्ट वाढवू नका, त्याने फक्त घाई होते.

ठेवणं

प्रेट्झेल त्याच दिवशी सर्वांत चांगलं लागतं. रात्रीपर्यंत ठेवायचं तर कागदी पिशवीत, प्लास्टिकमध्ये साल ओलसर होते. मीठ लावलेलं मुळीच साठवू नका. मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि वर पाण्याचे डाग पडतात. बिनमिठाचे, पूर्ण थंड झालेले प्रेट्झेल फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात. न वितळवता १८० अंशांवर सात-आठ मिनिटं ठेवले की साल परत कुरकुरीत होते.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे वळलेले कच्चे प्रेट्झेलच गोठवणं. ट्रेवर कडक होऊ द्या, मग पिशवीत भरून ठेवा. हवे तेव्हा थेट फ्रीझरमधून सोड्याच्या गरम पाण्यात २५ सेकंद बुडवा, ट्रेवर २० मिनिटं ठेवा म्हणजे चीर देता येईल इतके मऊ होतील, आणि नेहमीसारखे भाजा. साल ओली असेपर्यंतच मीठ लावायचं, ते मात्र या २० मिनिटांच्या सुरुवातीलाच.